मृतांस मूठमाती देणारे बंधुसंघ : त्यांचा इतिहास व हेतू

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामाच्या गतकालाचे स्मरण करावयाचे म्हटले, म्हणजे देवळाची कोनशिला, धर्मगुरूंची परंपरा, शाळा, घंटा व वेदी यांचा उल्लेख प्रथम होतो, आणि तो होणे योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटात तीन नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. पहिली बाप्तिस्म्याची, दुसरी विवाहाची आणि तिसरी मृतांची. पहिल्या दोहोंची पाने उत्सवाच्या दिवसांत कौतुकाने चाळली जातात. तिसरी मात्र सहसा कोणी उघडीत नाही. वास्तविक पाहता तिच्यातील एकेका ओळीमागे कोणी तरी खड्डा खणला आहे, कोणी तरी खांदा दिला आहे, कोणी तरी खर्च सोसला आहे आणि कोणी तरी प्रार्थना केली आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात या अनामिक माणसांनी वेळोवेळी आपले संघ स्थापिले, त्यांस नियम घालून दिले, निधी उभारले. आणि काही ठिकाणी ते संघ बिघडलेही. त्या संघांचा इतिहास व त्यांचा मूळ हेतू वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याच उद्देशाने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सातवे दयाकृत्य

दयेची सात शारीरिक कृत्ये आपण बालपणी धर्मशिक्षणात पाठ केलेली असतात. त्यांपैकी सहा संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून घेतलेली आहेत. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस, ही ती सहा होत. सातवे, म्हणजे मृतांस पुरणे, हे त्या अध्यायात नाही. ते तोबीतच्या पुस्तकावरून आलेले आहे. निनवे नगरीत परागंदा होऊन राहिलेला हा धर्मनिष्ठ पुरुष राजाच्या क्रोधास न जुमानता आपल्या मारल्या गेलेल्या बांधवांची प्रेते गुपचूप पुरीत असे. त्यापायी त्याची मालमत्ता जप्त झाली. पुढे एका सणाच्या दिवशी, रस्त्यात एक प्रेत पडल्याची बातमी येताच, तो भरल्या ताटावरून उठला, ते प्रेत आत आणून ठेविले आणि सूर्यास्तानंतर पुरले. शेजाऱ्यांनी त्याची थट्टाच केली.

या सातव्या कृत्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात धरण्याजोगे आहे. भुकेला तृप्त होऊन आशीर्वाद देईल, आजारी बरा होऊन उपकार फेडील. मृत मनुष्य मात्र काहीच परत देऊ शकत नाही. म्हणूनच हे कृत्य सर्वांत निरपेक्ष होय, आणि म्हणूनच ते टाळणेही सर्वांत सोपे होय. आपल्या तारणाऱ्याचेही दफन दुसऱ्यांच्या औदार्यानेच झाले. कबर अरिमथाईकर योसेफाची, सुगंधी द्रव्ये निकदेमाने आणलेली. स्वतः प्रभूने ज्या कृत्याचा लाभ घेतला, ते त्याच्या शिष्यांनी हलके कसे लेखावे?

रोममधील वर्गणी आणि रोममधील निधी

मृतांच्या दफनासाठी संघ स्थापण्याची कल्पना ख्रिस्ती लोकांनीच प्रथम काढली असे नव्हे. रोमन साम्राज्यात गरीब लोकांच्या व गुलामांच्या अंत्यविधी-मंडळ्या होत्या. रोमजवळच्या लानुवियम गावी इ. स. १३६ मधील अशा एका मंडळीची नियमावली शिलालेखरूपाने सापडली आहे. सभासद होताना शंभर सेस्टर्स व एक घडा उत्तम द्राक्षारस द्यावा, पुढे दर महिन्यास पाच आस भरावे. सभासद मेला म्हणजे त्याच्या अंत्यविधीस मंडळीने तीनशे सेस्टर्स द्यावे, अशी व्यवस्था होती. व्यवस्था चोख खरी. परंतु ज्याची वर्गणी थकली, त्याचा हक्क बुडाला.

याच्याशी तुलना करण्यासारखी हकीकत कार्थेज येथील तेर्तुलियन या लेखकाने इ. स. १९७ च्या सुमारास लिहून ठेविली आहे. ख्रिस्ती मंडळीतही दरमहा पैसे गोळा होत; परंतु ज्याने त्याने आपल्या इच्छेनुसार व ऐपतीनुसार द्यावे, कोणावर सक्ती नसे, आणि त्या निधीतून गरिबांचे पोषण व गरिबांचे दफन होई. रोमन मंडळी सभासदास पुरीत असे. ख्रिस्ती मंडळी गरजवंतास पुरीत असे. आमच्या मते पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली याच एका भेदात आहे.

रोम शहरात या कार्यास लवकरच स्थिर रूप आले. पोप झेफिरिनस यांनी आपल्या कालिक्स्तुस नामक दीक्षिताची आप्पियन मार्गावरील दफनभूमीवर नेमणूक केली. हा कालिक्स्तुस पूर्वी गुलाम होता. पुढे तोच पोप झाला, आणि ती भुयारी दफनभूमी आजतागायत त्याच्याच नावाने ओळखली जाते. शहराबाहेरच्या मऊ दगडात मैलोगणती बोगदे कोरून त्यांच्या भिंतींत मृतांसाठी कप्पे खोदणारे जे कामकरी होते, त्यांस लॅटिन भाषेत 'फोस्सोर' म्हणजे खणणारे असे नाव होते. एका हाती कुदळ व दुसऱ्या हाती दिवा घेतलेल्या दियोगेनेस नावाच्या फोस्सोराचे चित्र दोमितिल्लाच्या भुयारात काढलेले होते. इ. स. ३०३ च्या छळात आफ्रिकेतील सिर्ता गावी सरकारी अधिकारी ख्रिस्तमंदिराची जप्ती करावयास आले, तेव्हा झालेल्या नोंदीत बिशप, धर्मगुरू, दीक्षित व उपदीक्षित यांच्यामागोमाग फोस्सोरांचाही उल्लेख आहे. ज्या जगात प्रेतास हात लावणारा मनुष्य हीन मानला जाई, त्या जगात ख्रिस्तसभेने कबर खणणाऱ्यास आपल्या सेवकवर्गात स्थान दिले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु याच फोस्सोरांच्या इतिहासाचा शेवट मनास चटका लावणारा आहे. छळ संपून ख्रिस्ती धर्मास राजाश्रय लाभल्यावर, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, कबरींवरील लेखांत 'अमक्याने अमक्या फोस्सोराकडून ही जागा विकत घेतली' असे उल्लेख येऊ लागतात. हुतात्म्यांच्या समाधीजवळच्या जागेस अर्थातच मोठी मागणी होती. सेवेचा धंदा झाला, आणि पाचव्या शतकात हा वर्गच इतिहासातून नाहीसा झाला.

राजधानीतील विनामूल्य दफन

पूर्वेकडील राजधानी कॉन्स्टंटिनोपल येथे हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्यात आला. सम्राट कॉन्स्टंटाइनने शहरातील ९८० दुकाने व कारखाने करमुक्त करून मुख्य ख्रिस्तमंदिरास जोडून दिले. त्यांनी त्या मोबदल्यात शववाहक पुरवावे अशी योजना होती. पुढे ही संख्या ११०० पर्यंत वाढविण्यात आली. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३७ मध्ये कायदा करून साध्या अंत्यविधीस कोणाकडूनही काही घेऊ नये असे ठरविले, आणि ज्यांस अधिक थाट हवा असेल त्यांच्यासाठी दरही बांधून दिले. शोकाकुल मनुष्य घासाघीस करू शकत नाही, त्याला मागतील तेवढे द्यावे लागते. हे त्या कायदेकारांनी चौदाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते.

ख्रिस्ती लोकांच्या या आचाराची साक्ष त्यांच्या विरोधकाकडूनही मिळते. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेला सम्राट ज्युलियन याच्या नावे चालत आलेल्या एका पत्रात, या लोकांचा प्रसार परक्यांविषयीच्या दयेने व मृतांच्या कबरींची काळजी घेतल्याने झाला, अशी कबुली आहे.

काळे झगे घातलेले बंधू

मध्ययुगात हे कार्य सामान्य प्रापंचिकांच्या बंधुसंघांनी उचलले. त्यांत फ्लॉरेन्स शहरातील 'मिझेरिकोर्दिया' म्हणजे दया-बंधुसंघ हा अग्रगण्य होय. त्याची स्थापना परंपरेने इ. स. १२४४ मध्ये झाली असे मानतात. काळा झगा व चेहरा झाकणारी टोपी घालून हे बंधू आजाऱ्यांस रुग्णालयात व मृतांस कबरीत नेत. टोपीखाली सरदार आहे की चांभार आहे हे कोणास कळू नये, आणि कृतज्ञतेचा शब्ददेखील घ्यावा लागू नये, हा त्या वेषाचा हेतू. इ. स. १३४८ च्या महामारीत याच शहरात भाडोत्री प्रेतवाहक पैशांसाठी प्रेते कशी घाईघाईने ओढून नेत, याचे वर्णन बोकाच्चो या लेखकाने करून ठेविले आहे. एकाच शहरात दोन्ही प्रकारचे खांदे होते. भाडोत्र्यांची टोळी केव्हाच लयास गेली. बंधुसंघ मात्र आजही आहे, आणि त्याचे स्वयंसेवक आता रुग्णवाहिका चालवितात.

रोममध्ये इ. स. १५३८ मध्ये 'प्रार्थना व मृत्यू' या नावाचा बंधुसंघ निघाला. त्या काळी रोमभोवतीच्या ओसाड माळरानावर हिवतापाने, उपासमारीने किंवा खुनाने मेलेल्या मजुरांची व वाटसरूंची प्रेते बेवारस पडून राहत. बंधूंनी तेथवर चालत जावे, प्रेत खांद्यावर घेऊन यावे व विधिपूर्वक पुरावे, असे त्यांचे व्रत होते. इ. स. १५५२ पासून १८९६ पर्यंत आठ हजारांहून अधिक प्रेतांना त्यांनी अशी मूठमाती दिली. त्याच शहरातील 'शिरच्छेद झालेल्या संत योहाना'चा बंधुसंघ, इ. स. १४८८ मध्ये स्थापन झालेला, देहान्ताची शिक्षा झालेल्यांस अखेरच्या रात्री धीर देई व त्यांचे दफन करी. जगद्विख्यात शिल्पकार मायकेलँजेलो याच संघाचा सभासद होता.

आपल्या किनाऱ्यापर्यंत

आता आपल्या भूमीशी ज्याचा साक्षात संबंध आला, त्या संघाकडे वळू. इ. स. १४९८ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचला त्याच वर्षी, पोर्तुगालची विधवा राणी लेओनोर हिने लिस्बनच्या कॅथेड्रलमधील एका लहान प्रार्थनालयात 'सांता काझा द मिझेरिकोर्दिया', म्हणजे दयेचे पवित्र गृह, या बंधुसंघाची स्थापना केली. दयेची सात शारीरिक व सात आध्यात्मिक अशी चौदाही कृत्ये हे त्याचे ध्येय. सभासदांत निम्मे सरदार व निम्मे कारागीर असावे, असा दंडक होता. सर्व संतांच्या सणाच्या दिवशी हे बंधू मिरवणुकीने वधस्तंभाकडे जात, फाशी गेलेल्यांच्या तेथे लटकत राहिलेल्या अस्थी गोळा करीत व पवित्र भूमीत पुरीत.

पोर्तुगीज जेथे जेथे गेले, तेथे तेथे हा संघ त्यांच्याबरोबर गेला. गोव्यात तो सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच स्थापन झाला. दूरदेशी मरण पावलेल्या पोर्तुगीजांची मालमत्ता सांभाळून ती त्यांच्या मायदेशातील वारसांस पोचविण्याचे जोखमीचे कामही तो करी. इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यावर तेथेही मिझेरिकोर्दिया उभी राहिली. आजही वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या देवळात गेल्यास पायाखाली पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांच्या कोरीव शिळा दिसतात. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर तिच्या आश्रयाने चाललेल्या संस्थाही लयास गेल्या. परंतु गावोगावचे ख्रिस्ती शेतकरी व कोळी मागे राहिले. सनद नाही, सरकारी देणगी नाही, तरी त्यांच्या घरची माणसे शेजाऱ्यांच्या खांद्यावरूनच दफनभूमीस गेली. संघाचे नाव गेले तरी संघाचे काम आळीने चालविले, असेच आम्ही समजतो.

येथे एक गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. लिस्बनच्या संघाच्या इ. स. १६१८ च्या नियमावलीत सभासदाच्या अटींमध्ये 'रक्तशुद्धी'ची अट होती. म्हणजे ज्याच्या पूर्वजांत यहुदी किंवा मूर वंशाचा मनुष्य असेल, त्यास दयेच्या गृहात बंधू म्हणून जागा नव्हती. ज्या धर्मात प्रभूचा जन्मच यहुदी कुळात झाला, त्या धर्माच्या संघाने अशी अट घालावी, हे त्या संघाच्या उज्ज्वल इतिहासावरील लांच्छन होय.

याउलट उदाहरण जपानातील आहे. तेथे प्रेत वाहणे हे अत्यंत हलक्या मानलेल्या लोकांचे काम होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताकात्सुकी येथील किल्ल्याचा धनी ताकायामा दारियो व त्याचा पुत्र उकोन यांनी गरीब ख्रिस्ती माणसाची शवपेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली, असे येशूसंघीय फादर फ्रोइश यांनी लिहून ठेविले आहे. धन्याने खांदा दिल्यावर इतर सरदारांस मागे राहणे शक्य नव्हते. याच उकोनाने पुढे श्रद्धेसाठी सर्वस्व सोडून हद्दपारी पत्करली, आणि इ. स. २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित म्हणून घोषित केले. इ. स. १५८३ मध्ये नागासाकी येथे जपानी ख्रिस्ती लोकांनी लिस्बनच्या धर्तीवर आपली मिझेरिकोर्दियाही स्थापिली. जातिभेदाचे विष ज्या देशात अजून उतरलेले नाही, त्या आपल्या देशातील ख्रिस्ती लोकांनी हे उदाहरण मनावर कोरून ठेवावे.

व्यवसाय आणि व्यवसायसंघ

एकोणिसाव्या शतकात या इतिहासाने नवे वळण घेतले. शहरे वाढली, शेजार तुटला, आणि अंत्यविधीची व्यवस्था हा स्वतंत्र व्यवसाय झाला. अमेरिकेत इ. स. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांची प्रेते दूरच्या गावी पोचविण्यासाठी ती औषधांनी टिकविण्याची कला पुढे आली. इ. स. १८८२ मध्ये रॉचेस्टर शहरी तेथील अंत्यविधी-व्यावसायिकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि इ. स. १८८७ मध्ये सिनसिनाटी येथे दफनभूमींच्या अधीक्षकांनी आपला निराळा संघ काढला. इंग्लंडात असाच संघ इ. स. १९०५ मध्ये निघाला. प्रशिक्षण, स्वच्छता, परवाने, नोंदींचा चोखपणा, दफनभूमीतील झाडे, वाटा व पाण्याचा निचरा, हे या संघांचे विषय. या कामास खरोखरच ज्ञान लागते, आणि ते ज्ञान या संघांनी वाढविले, हे न्यायाने कबूल केले पाहिजे.

तथापि फोस्सोरांच्या काळचे जुने संकटही नव्या वेषात परत आले. इ. स. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या लेखिकेने अमेरिकेतील या व्यवसायावर ग्रंथ लिहिला, आणि शोकग्रस्त कुटुंबांस महागड्या पेट्या व अनावश्यक उपचार कसे गळ्यात बांधले जातात हे चव्हाट्यावर आणले. अखेर इ. स. १९८४ मध्ये तेथील शासनाचा नियम अमलात आला, की प्रत्येक व्यावसायिकाने दरपत्रक आधी हाती द्यावे आणि नको असलेली वस्तू कोणावर लादू नये. जस्टिनियनने जे केले, तेच निराळ्या भाषेत पुन्हा करावे लागले.

हेतू कोणता?

या दीर्घ इतिहासावरून अशा संघाचे तीन हेतू स्पष्ट दिसतात. पहिला हा, की कोणीही मनुष्य निर्धन, निराधार, परका किंवा गुन्हेगार आहे म्हणून कबरीवाचून राहू नये. दुसरा हा, की ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याच्या असहायतेचा कोणी बाजार करू नये. तिसरा हा, की मृतांसाठी प्रार्थना चालू राहावी. कारण दफनाने आपले व त्यांचे नाते संपत नाही. ख्रिस्तसभेचा कायदाही हेच सांगतो. इ. स. १९१७ च्या धर्मसंहितेत गरिबांचा अंत्यविधी संपूर्णपणे विनामूल्य व शोभेल असा व्हावा अशी आज्ञा होती, इ. स. १९८३ च्या संहितेत पैशाच्या बाबतीत पक्षपात होऊ नये व गरीब मनुष्य उचित अंत्यविधीला मुकू नये, असे बजाविले आहे.

संघ जुना असो वा नवा, पगारी असो वा बिनपगारी, त्याची परीक्षा एकच. श्रीमंताची शवयात्रा किती शोभिवंत निघाली, यावरून ती होत नाही. ज्याला रडावयास कोणी नाही, त्याला कोणी व कसे पोचविले, यावरून होते.

आता आपल्या धर्मग्रामाविषयी दोन शब्द. काळ बदलला आहे, हे आम्ही जाणतो. शहरांत दफनभूमीस जागा अपुरी पडते. एकाच कबरीत ठरावीक वर्षांनी दुसऱ्यास ठेवावे लागते. ख्रिस्तसभेने इ. स. १९६३ मध्ये दहनाची मोकळीक दिली, आणि इ. स. २०१६ च्या सूचनापत्राने अस्थी घरी न ठेवता वा न विखुरता पवित्र स्थळी ठेवाव्या असे सांगितले. कित्येक घरांतील मुलेबाळे परदेशी आहेत, आणि वृद्ध आईबाप एकटेच मागे आहेत. अशा वेळी पैसे देऊन पेटी, गाडी व माणसे मागविणे सोपे झाले आहे. ते करावे लागले तर त्यात कमीपणा नाही. परंतु गाडी आली म्हणून शेजाऱ्याने घरी बसावे, हे मात्र आपल्या पूर्वजांस कधीही पटले नसते. आणि जो मनुष्य आपल्या दफनभूमीत ऊनपावसात कुदळ चालवितो, त्यास ज्युबिलीच्या पंक्तीत मानाचे पान मिळते की नाही, हेही आपण पाहिले पाहिजे. सिर्ता येथील मंडळीने त्याला कोठे बसविले होते, ते वर सांगितलेच आहे.

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वांद्रे व आसपासच्या गावठाणांत लोकांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. त्यांपैकी पुष्कळ आजही उभे आहेत, व त्यांच्यापाशी रोजरीची प्रार्थना होते. त्या क्रूसांखाली प्रार्थना करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या प्रेतास खांदाही दिला असेल. भीती त्यांनाही होती.

वाचकहो, ही ज्युबिली साजरी करताना त्या तिसऱ्या नोंदवहीचेही एकदा दर्शन घ्यावे, अशी आमची विनंती आहे. तिच्यातील ज्या नावांस आज कोणी वारस उरलेला नाही, त्यांच्यासाठी एक मिस्सा मागावी. आणि धर्मग्रामात निराधारांच्या दफनासाठी लहानसा का होईना, पण कायमचा निधी असावा, याचा विचार वडीलधाऱ्यांनी व तरुणांनी मिळून करावा. आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव एके दिवशी त्या वहीत लिहिले जाणार आहे. त्या दिवशी आपल्यास जे मिळावे असे वाटते, ते आज दुसऱ्यास द्यावे. पुनरुत्थित प्रभू आपल्या सर्व दिवंगत बांधवांस आपल्या प्रकाशात स्थान देवो, आणि त्यांस मूठमाती देणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे कल्याण करो.